माळावरचे इस्पितळ

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा आपल्या पुण्यातील प्लेगच्या इस्पितळांविषयी लिहावे असे मनाने घेतले. त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात येऊन ठेपला. ताप चढे, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि पुष्कळदा चार-पाच दिवसांत माणूस हातचा जाई. नेमके औषध कोणापाशीच नव्हते. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखविले ते १८९८ साली. तोवर आजाऱ्याला वेगळे ठेवणे, एवढाच मार्ग दिसत होता.

पण वेगळे ठेवायचे ते कोणी आणि कसे? ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. १३ मार्चपासून रँडसाहेबांच्या हुकमतीखाली गोरे सोल्जर पुण्यातील घरे तपासू लागले. आजाऱ्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत धाडायचे आणि सामान जाळायचे, असा क्रम होता. सोल्जर माजघरात, देवघरात शिरत. बायकांना रोगापेक्षा त्या तपासणीचीच धास्ती अधिक. परिणाम उलटाच झाला. लोक आजारी माणसे दडवू लागले आणि इस्पितळ म्हणजे मरणाचे दार, अशी समजूत झाली. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडसाहेबांवर गोळी झाडली, ती या संतापातूनच.

याच वर्षी टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले. पुष्कळ मंडळी गाव सोडून गेली असता टिळक पुण्यातच राहिले. आजाऱ्याला वेगळे ठेवणे तेथेही होतेच. पण ते आपल्या माणसांनी चालविलेले, म्हणून लोकांना तेथे जाण्याचा धीर झाला.

आणि हडपसरजवळ, ससाणे यांच्या मळ्यात, सावित्रीबाई फुले व त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सहासष्ट. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोल्जरांची झडती सुरू व्हायला अजून तीन दिवस होते! कोणी शोधून ओढून न्यावे लागण्याआधीच ही बाई स्वतः आजाऱ्याच्या दारी गेली होती.

आता ते कारण. ९ मार्च २०२० रोजी करोनाचे राज्यातील पहिले रुग्ण आपल्या पुण्यातच आढळले आणि त्यांना डॉ. नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी सावित्रीबाईंची पुण्यतिथी होती. मला तिची आठवणही झाली नाही. पुढे आमच्या शेजारच्या वहिनींना न्यायला गाडी आली. हातात लहानशी पिशवी घेऊन त्या एकट्याच जिना उतरल्या. माझ्या खिडकीकडे त्यांनी वर पाहिले, आणि मी खिडकी लावून घेतली. त्या बऱ्या होऊन परतल्या. आजही वाटीभर भाजी पाठवितात; त्या दिवसाविषयी त्यांनी कधी अवाक्षर काढले नाही. मला मात्र ती वाटी हाती घेताना खिडकी आठवते.

भगिनींनो, जवळ जाऊ नये हे त्या वेळी योग्यच होते. पण खिडकी उघडी ठेवून हात हलविता आला असता, "काळजी करू नका, घराकडे मी बघते," एवढे म्हणता आले असते. इस्पितळ डॉक्टर आणि परिचारिका चालवितात हे खरे. पण तेथे जाण्याचा धीर शेजारपाजार देत असतो. पुन्हा अशी वेळ न येवो. आलीच, तर आपल्या मंडळातील कोणतीही भगिनी त्या जिन्यावरून एकटी उतरू नये, एवढेच मागणे.