पदाचे पुनर्वर्गीकरण

एखाद्या पदाचे मुख्य काम बदलले आणि तो बदल टिकून राहिला, की त्या पदाची श्रेणी, पदनाम व वेतनश्रेणी नव्याने ठरवण्याची प्रक्रिया. बढती माणसाला मिळते, पुनर्वर्गीकरण पदाचे होते. त्या पदावरचा माणूस गेला तरी पदाची नवी श्रेणी कायम राहते. राज्य शासनाच्या आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 व 30 वर्षांच्या सेवेनंतर वरची वेतनश्रेणी मिळते, पण काम तेच राहत असल्याने ते पुनर्वर्गीकरण नव्हे.

खासगी नोकरीत हा फरक कसा पुसट होतो, ते पुण्याच्या खराडीत दिसते. हे गाव 1997 मध्ये पुणे महापालिकेत आले. आज इऑन फ्री झोन, वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि आसपासच्या आयटी कंपन्या ही त्याची ओळख आहे. इथे पदे बँड आणि ग्रेडमध्ये मोजली जातात. अप्रेझलमध्ये पगारवाढ जेमतेम असली की ‘लीड’ किंवा ‘असिस्टंट मॅनेजर’ असे पदनाम देऊन समजूत काढता येते. माणूस मात्र पूर्वीसारखाच कोड लिहितो, तिकिटे सोडवतो. याउलट, नेमणूक साध्या इंजिनिअरची आणि टीममधल्यांना काम वाटून देणे, रजा मंजूर करणे, क्लायंटला उत्तरे देणे हे सगळे वर्षभर त्याच्याकडेच, असेही घडते. पुनर्वर्गीकरणाची खरी गरज या दुसऱ्या प्रकारात असते. पहिल्या प्रकारात नुसता शिक्का बदललेला असतो.

कामाचा बोजा वाढला एवढे कारण पुरेसे नाही. तिथे माणसे वाढवावीत. रजेवरच्या सहकाऱ्याचे काम काही आठवडे सांभाळणे, नवी पदवी मिळवणे किंवा एकाच जागी बरीच वर्षे काढणे यांनीही पद बदलत नाही. निर्णयाचा अधिकार, लागणारे कौशल्य किंवा हाताखालच्या माणसांची जबाबदारी कायमची बदलली, तरच मागणीला आधार मिळतो.

पदनाम मोठे झाल्याने नुकसानही होऊ शकते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. मात्र गोपनीय, व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षी पदावरच्यांना हा कायदा लागू नाही. अशा पदांची यादी आस्थापनेने संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायची असते. ती यादी किती जणांनी उघडून पाहिली असेल, हा प्रश्नच आहे.

पदनाम मोठे झाले की ‘कामगार’ म्हणून मिळणारे संरक्षणही जाते का, हा पुढचा प्रश्न. ‘कामगार’ कोण, हे औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 ठरवत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस, तसेच दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक तिच्या व्याख्येबाहेर राहतो. तांत्रिक काम करणाऱ्याला मात्र वेतनाची मर्यादा नाही, आणि खराडीतल्या इंजिनिअरच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. श्रेणीनिहाय वर्गीकरण बदलायचे असेल तर कामगारांना 21 दिवसांची सूचना द्यावी लागते.

मुंबईच्या सिबा गायगी कंपनीत ‘असिस्टंट’ झालेल्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये कसोटी घालून दिली: प्रमुख काम कोणते ते पाहावे, सोबतची किरकोळ देखरेख माणसाला ‘कामगार’ या व्याख्येतून बाहेर काढत नाही. चेन्नईत 2015 मध्ये नोकरीवरून काढलेल्या एका आयटी कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयाने 2022 मध्ये ‘कामगार’ ठरवून परत घेण्याचा आदेश दिला, तोही याच विचाराने.

आपण कामगार आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर असते, आणि पदनामाच्या पत्रावरून ते सिद्ध होत नाही. म्हणून नवे पदनाम हाती पडताच त्यासोबत कामाचे लेखी वर्णनही मागून घ्यावे.