कोणत्या सेंटरला?

बीड जिल्ह्यात ‘कोणत्या सेंटरला?’ या प्रश्नाचा अर्थ महिना बघून लावायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विचारला, तर दहावी-बारावीचं परीक्षा केंद्र. दिवाळीच्या आगेमागे विचारला, तर ऊसतोड. माझ्यासारख्या कोडिंगवर पोट भरणाऱ्याला विचारला, तर डेटा सेंटर, म्हणजे आमचा प्रोग्रॅम ज्या यंत्रांवर चालतो ती यंत्रं ठेवलेली जागा.

यातलं ऊसतोडीचं सेंटर सगळ्यांत वेगळं, कारण ते जागेचं नावच नाही. तोडणीला जाणाऱ्यांत गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर असे प्रकार असतात. पहिले दोन बैलवाल्यांचे; टायर म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. डोकी सेंटरवाल्यांकडे बैल नसतात. ते उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रक-ट्रॅक्टरपर्यंत नेऊन भरतात. ऊस कशावर वाहायचा, यावरून सेंटर ठरतं. राहणंही त्यावरूनच ठरतं. गाडीवाल्यांच्या कोप्या कारखान्याजवळ पडतात, डोकीवाल्यांच्या फडामागे गावोगाव फिरतात.

हा शब्द आला कुठून? ग्रीक भाषेत ‘केन्ट्रॉन’ म्हणजे टोचायचं टोक, बैल हाकायची पराणी. पुढे कंपासचं रोवलेलं टोक, आणि त्यावरून वर्तुळाचा मध्य. लॅटिन आणि फ्रेंचमधून चौदाव्या शतकात तो इंग्रजीत पोचला. त्याच्या कितीतरी आधी तोच ग्रीक शब्द ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला होता. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ग्रंथांत ‘केंद्र’ आहे, आणि आजही पत्रिकेतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, दहाव्या घरांना केंद्रस्थानं म्हणतात. म्हणजे केंद्र आणि सेंटर हे एकाच घरातले दोन भाऊ, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आलेले. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, कारभार उर्दूत चालायचा. उर्दूतला ‘मरकज’ हा शब्द अरबी आहे, आणि त्याच्या मुळाशी भाला जमिनीत रोवणं आहे. मध्य सांगणाऱ्या या सगळ्या शब्दांच्या तळाशी कुठेतरी एक टोक रुतलेलं आहे.

कंपासचा एक पाय रोवलेला असतो, दुसरा फिरतो. बीडच्या वाट्याला फिरता पाय आला. 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले. तिथे कालव्याचं पाणी होतं, ऊस होता, तोडायला हात हवे होते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूरकडची शेती पावसावर. 1972 च्या दुष्काळानंतर तोडणीची वाट आणखी रुळली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवराबायकोच्या जोडीने, म्हणजे एका ‘कोयत्या’ने, पाच-सहा महिने राबून ती फेडायची. हिशोबात उचल शिल्लक राहिली, तर पुढच्या वर्षाचं सेंटरही तिथेच ठरलं.

बाकीची केंद्रं मात्र माणूस जागेवर आहे असं धरून चालतात. प्राथमिक आरोग्य केंद्र, अंगणवाडी केंद्र, मतदान केंद्र, सगळी गावाला बांधलेली. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, नेमकं गाळप हंगामाच्या तोंडावर. त्या दिवशी बटण दाबायचं, तर फडावरून गावात असलेल्या केंद्रापर्यंत यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी आधी मोजावी लागते. पोटुशी बाई तोडणीला गेली, तर तिची नोंद एका केंद्रात आणि ती दुसऱ्याच जिल्ह्यात.

आमच्या धंद्यात याचं कारण पटकन दिसतं. फॉर्ममध्ये पत्त्याला एकच रकाना ठेवला की वर्षातला निम्मा काळ दुसरीकडे राहणारा माणूस त्यात बसत नाही. तो रकाना बनवताना कुणीतरी ठरवलेलं असतं की पत्ता एकच असतो. दुसरा रकाना जोडणं अवघड काम नाही. तो हवाय हे आधी कुणाला तरी वाटावं लागतं.

फेब्रुवारीत या शब्दाचे दोन अर्थ एकाच घरात येतात. आजीकडे राहिलेली दहावीची मुलगी हॉल तिकिटावरचं सेंटर शोधत असते. तिचे आई-बाप त्याच वेळी डोकी सेंटरला असतात. पेपर कसा गेला, हे ती त्यांना फोनवर सांगते, तेही फडात रेंज असेल तर.