जर्मन व तुर्की भाषांची तुलना (मराठी भाषकांच्या दृष्टीने)

जर्मन आणि तुर्की या दोन भिन्न भाषाकुळांतील भाषा आहेत. जर्मन ही मराठीप्रमाणेच इंडो-युरोपीय कुळातील, तर तुर्की ही तुर्किक कुळातील भाषा आहे. नात्याने जर्मन मराठीला जवळची असली, तरी वाक्यरचनेत तुर्की मराठीशी अधिक जुळते. त्यामुळे परकीय भाषा निवडू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी भाषकांसाठी केलेली वर्गवारी फारशी उपयोगी पडत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवा संस्थेच्या वर्गवारीत तुर्की ही जर्मनपेक्षा कठीण गटात मोडते. मराठी भाषकाबाबत मात्र प्रत्येक भाषेची अडचण वेगळ्या ठिकाणी येते.

लिपी व उच्चार

दोन्ही भाषा रोमन लिपीत लिहिल्या जातात. तुर्कीने अरबी लिपी सोडून 1928 साली 29 अक्षरांची रोमन वर्णमाला स्वीकारली. तिचे लेखन जवळजवळ पूर्णपणे उच्चारानुसारी आहे. जर्मन लेखनही बऱ्यापैकी नियमबद्ध आहे. ओठांचा चंबू करून उच्चारायचे दोन स्वर दोन्ही भाषांत आहेत व मराठीत नाहीत. जर्मनमधील 'त्स' हा उच्चार मात्र मराठी विद्यार्थ्याला शिकवावा लागत नाही, कारण 'चांगला' किंवा 'चमचा' यांतील दंततालव्य 'च' तोच आहे.

तुर्कीत स्वरसंगती हा नियम कटाक्षाने पाळला जातो. शब्दातील शेवटच्या स्वरानुसार प्रत्ययाचा स्वर बदलतो. 'एव' म्हणजे घर, 'एव्दे' म्हणजे घरात; परंतु 'ओकुल' म्हणजे शाळा, तर 'ओकुल्दा' म्हणजे शाळेत.

व्याकरण

जर्मनमध्ये पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग अशी तीन लिंगे आहेत. हिंदी भाषकाला नपुंसकलिंगाची सवय नसते, मराठी भाषकाला असते. जर्मन 'मेडखेन' (मुलगी) हा शब्द नपुंसकलिंगी आहे याचे अनेकांना नवल वाटते. 'पोरगं', 'कोकरू', 'वासरू' म्हणणाऱ्यांना तसे वाटण्याचे कारण नाही, कारण तेथेही लघुत्वदर्शक प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. अर्थात दोन्ही भाषांतील शब्दांची लिंगे जुळतातच असे नाही. सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि दार, जे मराठीत नपुंसकलिंगी आहे, तेही स्त्रीलिंगी. म्हणून प्रत्येक नाम त्याच्या उपपदासह पाठ करणे हाच मार्ग उरतो. चार विभक्तींत उपपदे व विशेषणे बदलतात आणि बहुतेक विद्यार्थ्यांची खरी दमछाक येथेच होते.

तुर्कीत लिंगभेद मुळीच नाही. 'गेल्दी' या एका क्रियापदाचा अर्थ आला, आली, आले असा कोणताही होतो. विभक्ती सहा आहेत, पण त्यांचे प्रत्यय सर्व नामांना सारखेच लागतात. शब्दक्रम कर्ता-कर्म-क्रियापद असा आहे आणि शब्दयोगी अव्यये मराठीप्रमाणे नामानंतर येतात. साम्य याहून खोल जाते. 'गिदिप गेल्दी' म्हणजे 'जाऊन आला'. येथे '-इप' हा प्रत्यय '-ऊन'चेच काम करतो. 'ओकुदूम किताप' म्हणजे 'मी वाचलेले पुस्तक'. 'गेल्मिश' या रूपात ऐकीव माहितीचा भाव असतो, म्हणजे मराठीतील 'तो आला म्हणे'. 'पुस्तक-बिस्तक' याला तुर्कीत 'किताप-मिताप' असे प्रतिरूप आहे. इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत या रचनांवर पानेच्या पाने खर्ची पडतात; मराठीतून समजावल्यास एक-दोन उदाहरणे पुरतात.

मालकी दाखवण्याच्या बाबतीतही तुर्की जवळची आहे. 'एविम वार' म्हणजे शब्दशः 'माझे घर आहे'. जर्मनमध्ये त्यासाठी 'बाळगणे' या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद लागते. उलट 'मला थंडी वाजते' किंवा 'मला आवडते' यांतील 'मला' जर्मनमध्ये 'मिर' या रूपात जसाच्या तसा सापडतो. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते, हीही मराठी भाषकाच्या सोयीची गोष्ट.

संख्यावाचक शब्दांत जर्मन मराठीसारखी आहे. 'पंचवीस' प्रमाणे तेथेही आधी पाच व मग वीस म्हणतात. तुर्कीत 'यिर्मी बेश', म्हणजे 'वीस पाच', असा सरळ क्रम आहे.

शब्दसंग्रह

जर्मन व मराठीतील समान शब्द प्राचीन मूळ सांगतात, पण ते ओळखण्यासाठी संस्कृतची मदत लागते: 'टोख्टर' व दुहितृ, 'त्सान' व दंत. तुर्कीशी असलेले साम्य उघड दिसते. बहुतेक शब्द फारसी व अरबीतून दोन्ही भाषांत गेले आहेत. मराठीतील अशा शब्दांसाठी माधव त्र्यंबक पटवर्धन (माधव जूलियन) यांचा फार्शी-मराठी कोश (1925) पाहता येतो. 'साबुन', 'हावा', 'द्युन्या' हे ओळखायला वेळ लागत नाही. मात्र अर्थ बदललेले शब्द फसवतात. तुर्की 'देफ्तेर' म्हणजे वही, दप्तर नव्हे. 'हाफ्ता' म्हणजे आठवडा. 'चकमक' मूळचा तुर्कीच असून तेथे आज 'चाकमाक' म्हणजे सिगारेट पेटवायचा लायटर. 'म्युलाकात' मात्र मराठी 'मुलाखती'च्याच अर्थाने वापरतात.

शिक्षण व उपयोग

पुण्यात जर्मन शिकण्याची सोय मोठी आहे. बोट क्लब रस्त्यावरील गोएथे इन्स्टिट्यूट (मॅक्स म्युलर भवन) आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग या प्रमुख संस्था होत. बिबवेवाडी, मार्केट यार्ड, कात्रज या दक्षिणेकडील उपनगरांतील विद्यार्थ्याला दोन्हीकडे जाण्यासाठी शहराचा मध्यभाग ओलांडावा लागतो. तेव्हा वर्गाच्या वेळेइतकाच प्रवासाचा वेळही हिशोबात धरावा. चाकण येथे फोक्सवागेन व मर्सिडीझ-बेंझ यांचे कारखाने 2009 पासून आहेत. बिबवेवाडीतील विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना जर्मनचा उपयोग घराजवळही होऊ शकतो तो यामुळे.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रतिसत्र 1500 युरो घेते. पतीपत्नीपैकी एक जर्मनीत राहत असल्यास दुसऱ्याला व्हिसासाठी काही प्रकरणांत ए-1 पातळीचे प्रमाणपत्र लागते. केवळ तेवढ्यासाठी शिकणाऱ्याने तुर्कीशी तुलना करत बसण्यात अर्थ नाही.

तुर्कीच्या अध्यापनासाठी युनूस एमरे संस्था आणि अंकारा विद्यापीठाचे त्योमेर केंद्र प्रसिद्ध आहेत. तुर्कस्तान सरकारच्या शिष्यवृत्तीत पदवी अभ्यासक्रमापूर्वी साधारण एक वर्ष भाषाशिक्षण दिले जाते. इतिहास, विशेषतः ऑटोमन साम्राज्य, तसेच मध्य आशियातील भाषा यांच्या अभ्यासकाला तुर्कीची गरज भासते; अझरबैजानी भाषा तर तुर्की जाणणाऱ्याला बरीचशी समजते.

या दोन भाषा प्रत्यक्षात एकमेकींच्या शेजारी नांदतात. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला आणि त्यानंतर लाखो तुर्की कुटुंबे जर्मनीत स्थायिक झाली. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात आजही दुकानांतून आणि बाजारांतून दोन्ही भाषा कानी पडतात.