बर्फातल्या चौथऱ्यावरचे टेनिस

टेनिस आपल्याला ठाऊक आहे. बॅडमिंटन तर घराघरांत पोचले आहे. पण याच घराण्यात असा एक खेळ आहे, की जो ऐन हिवाळ्यात, आजूबाजूला बर्फ साचलेले असताना उघड्यावर खेळला जातो. त्याचे नाव प्लॅटफॉर्म टेनिस. मराठीत सांगायचे तर चौथऱ्यावरचे टेनिस.

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला स्कार्सडेल नावाचे सुखवस्तू उपनगर आहे. जेम्स कॉग्जवेल आणि फेसेंडन ब्लँचर्ड हे दोन मित्र तिथे राहत. थंडी पडली की टेनिस बंद. घरात कोंडून बसणे दोघांनाही मानवेना. १९२८ साली त्यांनी कॉग्जवेल यांच्या आवारातच सोय करायचे ठरवले. पण जमीन खडकाळ आणि उताराची. ती सपाट करण्यापेक्षा तिच्यावर लाकडी फळ्यांचा चौथरा उभारणे त्यांना सोपे वाटले.

त्यावर बॅडमिंटन खेळावे, असा बेत होता. पण वाऱ्यापुढे पिसांच्या फुलाचा टिकाव कसा लागणार? तेव्हा त्यांनी पॅडल टेनिस या दुसऱ्या एका खेळातली आखूड लाकडी बॅट आणि रबरी चेंडू आणला. आता चेंडू चौथऱ्यावरून उडून बर्फात हरवू लागला. म्हणून भोवती तारेची जाळी ठोकली. चौथरा लहान असल्यामुळे मागच्या रेषेपलीकडे उभे राहायलाही जागा नव्हती. मग पुढे नियमच झाला, की चेंडू आपल्या अंगणात एक टप्पा घेऊन जाळीवर आदळला, तर दुसरा टप्पा पडण्याआधी तो परतवता येईल. चेंडू अडवण्यासाठी घातलेले कुंपण अशा रीतीने खेळातच सामील झाले.

इथेच हा खेळ टेनिसपासून वेगळा होतो. टेनिसमध्ये मागे गेलेला चेंडू गेलाच. इथे तो जाळीवरून परत येतो, आणि वाट पाहणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. त्यामुळे नुसत्या ताकदीने गुण मिळत नाहीत, धीर लागतो. गुणांची मोजणी टेनिससारखीच. मात्र सर्व्हिस एकदाच करता येते. चुकली की गुण गेला. बॅटला तारा नसतात, ती भरीव असून तिला भोके पाडलेली असतात. चेंडू स्पंज रबराचा, आणि कडाक्याच्या थंडीत तो कमी उसळतो. खेळ बहुधा चौघांचा. स्क्वॉशमध्ये चेंडू सरळ भिंतीवर मारतात. इथे आपला फटका आधी समोरच्याच्या अंगणात पडावा लागतो.

रेषांच्या आतले अंगण ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. हे माप ओळखीचे वाटेल, कारण बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्याचे अंगण नेमके एवढेच असते. आणि बॅडमिंटनचा धागा थेट आपल्या पुण्यापर्यंत पोचतो. पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, त्याला ‘पूना’ असेही म्हणत. त्याचे सुरुवातीचे नियम १८७३च्या सुमारास पुण्यात तयार झाले, असे मानले जाते. वाऱ्याची अडचण आपल्या देशातही होतीच. दक्षिणेत त्यावर लोकरीच्या चेंडूचा तोडगा निघाला आणि बॉल बॅडमिंटन रूढ झाले. स्कार्सडेलला रबर, आपल्याकडे लोकर, वारा तोच.

पण ज्या बॅटवर हा खेळ उभा राहिला, तिची हकीकत विसरू नये. पॅडल टेनिस फ्रँक बील यांनी १८९८ साली मिशिगन राज्यातल्या अल्बियन गावी सुरू केले. पुढे ते न्यूयॉर्कमध्ये धर्मोपदेशक झाले. शहरातल्या मुलांना थोडक्या जागेत आणि थोडक्या खर्चात खेळता यावे, म्हणून त्यांच्या खटपटीने वॉशिंग्टन स्क्वेअरच्या सार्वजनिक बागेत त्याची अंगणे आखली गेली. त्या मुलांची बॅट उपनगरातल्या क्लबात गेली, आणि तिच्याबरोबर नावही गेले. चौथऱ्यावरच्या खेळाडूंनी १९३४ साली संघटना काढली, ती अमेरिकन पॅडल टेनिस असोसिएशन या नावाने. एकाच नावाचे दोन खेळ झाले. १९५० साली संघटनेने नाव बदलून ‘प्लॅटफॉर्म टेनिस’ केले, तेव्हा हा गोंधळ कागदावर तरी मिटला. बोलताना मात्र अमेरिकेतले खेळाडू अजूनही या खेळाला पॅडलच म्हणतात.

आज चौथरा ॲल्युमिनियमचा असतो, ६० फूट लांब नि ३० फूट रुंद. पाय घसरू नये म्हणून त्यावर खरखरीत रंग देतात, बर्फ वितळवायला खालून ऊब देतात, आणि जाळी १२ फूट उंच असते. हे सारे खर्चाचे काम, म्हणून खेळ मुख्यतः क्लबांतच राहिला. त्याच मापाच्या अंगणात १९६५ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर सुरू झालेले पिकलबॉल मात्र झपाट्याने पसरले. त्याला चौथरा लागत नाही, जाळीची भिंतही लागत नाही. चार रेषा, एक नेट, लाकडी बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू एवढ्यावर ते सुरू झाले. खेळ कितीही रंगतदार असला, तरी तो कोणाच्या हाती पोचेल, हे शेवटी त्याच्या अंगणाचा खर्च ठरवतो. बील यांना हे फार आधी उमगले होते.