वाण्याची वही

वाचकहो, घरातले मीठ संपले, ऐन वेळी पाहुणा आला, म्हणजे आपण काय करतो? पोराला वाण्याकडे पिटाळतो आणि सांगतो, "गूळ आण, चहा आण, आणि खात्यावर मांडा म्हणावं." पोर पळत जाते, वाणी पुडी बांधतो, कानावरची पेन्सिल काढून दोन ओळी खरडतो. झाले! ह्या दोन ओळींचा इतिहास शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. पण १८७५ साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकरी उठले, ते ह्याच ओळींपायी.

जुन्या गावगाड्यात दुकानाचे काम थोडे होते. धान्य शेतातले, तेल तेल्याच्या घाण्याचे, मडकी कुंभाराची. सुगी झाली की बलुते घालायचे. वाण्याकडून आणायचे ते मीठ, मसाला, सुपारी, थोडेसे कापड. इंग्रजी अमलात साऱ्याचा हप्ता ठरल्या तारखेला रोख भरण्याची सक्ती कडक झाली. माल हाती येवो न येवो, रुपये हवेत! मग शेतकरी कोणाकडे जाणार? ज्याच्याकडून मीठ आणायचे, त्याच्याचकडे. सुगीत धान्य विकायचे तेही त्यालाच. बियाणे सवाईने किंवा दिढीने उचलायचे, म्हणजे मणाला सव्वा किंवा दीड मण परत घालायचे. माप शिगोशीग भरायचे की सपाट, ह्यावर शेराला मूठभर फरक पडतो, आणि चार शेरांची पायली! तराजू त्याचा, माप त्याचे, लेखणीही त्याचीच. लाल कापडात बांधलेली ती लांबट वही बहुधा मारवाडी किंवा गुजराती अक्षरांत असे. ज्याच्या नावे रक्कम पडली, त्याला ती वाचता येत नसे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा सावकार हात सैल सोडून कर्ज देत. युद्ध संपले, भाव कोसळला, आणि दुकानाचे दार आखडले. त्यातच १८६७ नंतर नव्या पाहणीत साऱ्याचे दर वाढले.

आता कायद्याची गोष्ट बघा. १८५९ साली सरकारने ठरवले की कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे. हेतू चांगला होता. जुन्या रोख्यावर व्याज साचत राहू नये. घडले उलट. दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि साचलेले व्याज मुद्दल म्हणून चढवायचे. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. शंभर रुपये, दरमहा शेकडा दोन रुपये व्याज. तीन वर्षांनी बहात्तर रुपये व्याज झाले. नवा रोखा एकशे बहात्तरांचा. आणखी तीन वर्षांनी जवळजवळ दोनशे शहाण्णव. मधल्या काळात दुकानातून आणलेले मीठमिरची वेगळेच!

शिरूर तालुक्यातील करडे गावी डिसेंबर १८७४ मध्ये पहिली ठिणगी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख ह्यांच्यावर कोर्टाचा हुकूमनामा आणला. कर्ज अवघे दीडशे रुपयांचे. गावाने काय करावे? काठी उचलली नाही. सावकारांच्या दुकानात कोणी खरेदीला जायचे नाही, त्यांची शेते कसायची नाहीत, असे ठरले. न्हावी, सुतार, लोहार, चांभार ह्यांनी काम सोडले. सावकार तालुक्याच्या गावी निघाले, तर गाडी हाकायला माणूस मिळेना. माझ्या मते ह्या साऱ्या हकिगतीतला हा भाग सर्वांत मोलाचा आहे. उधारीने बांधलेल्या गिऱ्हाइकाला दुकानाची पायरी न चढण्याचे धैर्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

पुढे संयम सुटला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला (तेव्हा तालुका भीमथडी) आसपासच्या गावांचे लोक जमले आणि मारवाडी व गुजर सावकारांच्या दुकानांवर धावले. लूट झाली, जाळपोळही झाली. परंतु लोकांनी मागितल्या त्या वह्या आणि रोखे. ते हाती आले की भर रस्त्यात होळी! जिथे कागद मुकाट्याने मिळाले तिथे माणसाला बहुधा इजा झाली नाही. तीसहून अधिक गावांत हे लोण पोचले, आणि ९५१ माणसे पकडली गेली. एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रोष बाहेरून आलेल्या सावकारांवर फुटला. गावातले देशी सावकार बहुतेक सुटले. त्यांचे व्याज काही गोड नव्हते. आणि खेड्यातला सावकारही पुष्कळदा शहरातल्या पेढीचा देणेकरी असे, हेही विसरू नये.

सरकारने चौकशी नेमली. तिचा अहवाल १८७८ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. रोख्यामागचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. शेतकऱ्याला भरलेल्या पैशांची पावती, वर्षाचा उतारा आणि मागितल्यास हिशेबाचे पासबुक मिळण्याचा हक्कही त्यात होता. म्हणजे वही दोन ठिकाणी राहावी! अक्षर न येणाऱ्याला त्या पासबुकाचा उपयोग किती, हा प्रश्न उरलाच.

इंग्लंडातील रॉचडेलच्या लोकांनी १८४४ साली निराळी वाट धरली होती. अठ्ठावीस सभासदांनी स्वतःचे दुकान काढले, पीठ, साखर, लोणी असा थोडका माल ठेवला, आणि उधारी बंद केली. नफा वाटायचा तो ज्याने जेवढी खरेदी केली त्या मानाने. आपल्याकडे १९१२ च्या कायद्याने अशा सहकारी भांडारांना मोकळीक मिळाली. पण हातात रोकड नसेल त्या आठवड्यात गरिबाने कोठे जावे, ह्याचे उत्तर भांडाराजवळ नव्हते; ते वाण्याजवळ होते. म्हणून आपण पुन्हा त्याच पायरीवर येतो.

शिक्षक मंडळींना एक विनंती. गावातल्या जुन्या दुकानाच्या माळ्यावर रोजकीर्द किंवा खतावणी पडलेली असेल, तर ती रद्दीत जाण्यापूर्वी मालकाच्या परवानगीने मुलांना दाखवा. कोणत्या साली काय भावाने गूळ विकला, चहाचे नाव पहिल्यांदा कधी आले, शेर जाऊन किलो कोणत्या पानावर आला, हे त्यांना स्वतः शोधू द्या.