कोणाच्या तोंडचे इंग्रजी?

सुट्टीत पुण्यास गेलो की, अंबत्तूरला वाढलेल्या आमच्या मुलांच्या इंग्रजीला आप्तमंडळी हसतात. त्यांचे स्वतःचे इंग्रजी कोणत्या गावचे, हे मात्र कोणी विचारीत नाही!

मद्रासला हा प्रश्न जुना आहे. १८४१ साली तेथे सरकारी हायस्कूल निघाले, तेव्हा केंब्रिजचे पॉवेलसाहेब विद्यार्थ्यांपुढे होते. तंजावरी मराठी कुळातले सर टी. माधवराव त्यांचेच शिष्य. पुढे डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशाने इंग्लंडातील खानदानी निवासी शाळांची बोली प्रमाण ठरविली आणि आमचे शिक्षकही तीच गिरवू लागले. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ ची, यंत्रांसाठी वसलेली; या शतकात तेथेच दूरध्वनीवरून परदेशी ग्राहकांशी बोलणारी कार्यालये आली आणि अमेरिकी धाटणीलाही भाव आला.

हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतील रा. कृ. बन्सल यांनी मात्र १९६९ च्या ग्रंथात वेगळीच गोष्ट दाखविली. भारतीयांचे इंग्रजी परक्याला कळत नाही, ते मुख्यतः शब्दातील आघात भलत्या अवयवावर पडल्यामुळे. आमचा ‘व’ दोन इंग्रजी ध्वनींचे काम एकटाच करतो, तमिळ लिपीत ‘क’ आणि ‘ग’ यांना अक्षर एकच; पण खरी अडचण तेथे नाही. मुलांना आम्ही आता आघात तेवढे घोकायला लावतो. पुण्याच्या हसण्यावर अद्याप उपाय सापडलेला नाही.