टॅन्जिअरची रोजनिशी आणि तिची लघुलिपी

१६६१च्या विवाह-करारात पोर्तुगालने इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दोन ठिकाणे आंदण दिली: मुंबई आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचे टॅन्जिअर. मुंबई त्याने १६६८मध्ये वर्षाला दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या गळ्यात घातली. टॅन्जिअरचा भार मात्र सरकारी तिजोरीवरच राहिला. तटबंदी, शिबंदी आणि समुद्रात बांधायला घेतलेला प्रचंड दगडी धक्का यांनी वीस वर्षे पैसा गिळला. अखेर १६८३च्या ऑगस्टमध्ये लॉर्ड डार्टमथचे आरमार निघाले ते टॅन्जिअर पाडून रिकामे करायला. सोबत प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स होता, आणि मोहिमेचा खरा हेतू त्याला जहाजावर चढल्यानंतरच कळला. या प्रवासाची त्याची रोजनिशी शेल्टन नावाच्या इंग्रजाने रचलेल्या लघुलिपीत आहे. नावे आणि काही शब्द तेवढे साध्या अक्षरांत.

लघुलिपी दिसली की लपवाछपवीचा संशय येतो, आणि तो निराधार नाही. तरुण न्यूटनने १६६२मध्ये आपल्या पापांची यादी याच लिपीत लिहिली होती. पीप्सच्या हाती तर राज्याचे गुपित होते. पण शेल्टनची पुस्तके उघड विकली जात, प्रवचने उतरवून घ्यायला लोक ती लिपी शिकत. आणि झाकायचेच असते तर पीप्सने आधी नावे झाकली असती. आपली मोडीही भरभर लिहिण्याच्या सोयीनेच रुजली. आज ती वाचणारे थोडे उरले, म्हणून पेशवे दफ्तर गुप्त लिखाण ठरत नाही. माझ्या मते या लिपीने पीप्सला आडोशापेक्षा वेग दिला आणि वेगाबरोबर मोकळेपणा. गव्हर्नर पर्सी कर्कची क्रूरता, अंमलदारांचा स्वैराचार, रहिवाशांवरची जुलूमशाही हे सारे तो घाईने, वाक्ये न सजवता नोंदवतो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. शहर नालायक ठरवणे पीप्सच्या धन्याच्या सोयीचे होते, मग त्याला दोषच दिसणार. खरे आहे; टॅन्जिअर का सोडावे याची कारणे मांडण्याचे कामही त्याच्याकडेच होते. पण ती मांडणी दुसऱ्यांना पटवण्यासाठी स्वतंत्र लिहिली जात होती, या पानांवर कोणाला काही पटवायचे नव्हते. शिवाय टॅन्जिअरचा खजिनदार म्हणून त्याने अनेक वर्षे याच वसाहतीवर कमाई केली होती. तिथली सडलेली व्यवस्था लिहून काढताना तो स्वतः ज्या कारभाराचा भाग होता, त्याच्याच विरुद्ध साक्ष देत होता.